ताट तसंच, पोळी गरम!

शुक्रवारची संध्याकाळ, वीकेंडचा मूड आणि गावाहून बाबांचा फोन, 'अरे, तेवढा सातबारा बघ ना!' पुण्यात नोकरी करणाऱ्या नगरकर पब्लिकला हा सीन नवा नाही.

आधी एक गुगली. पुण्याला खेटून असला तरी आपला जिल्हा महसुलात नाशिक विभागात! महाभूलेखवर जिल्हे येतात. 2024मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, ते निवडलं की अकोले ते जामखेड असे 14 तालुके, मग गावं. अशा फॉर्ममध्ये पूर्वी प्रत्येक क्लिकला अख्खं पान नव्याने लोड व्हायचं. स्क्रीन पांढरी, आणि पान नीट बनवलेलं नसेल तर भरलेलं नाव-गावही गायब!

आता फंडा सिंपल आहे. पोळी हवी म्हणून कोणी अख्खं ताट बदलत नाही, वाढपी फक्त पोळी वाढतो. ब्राउझरही तेच करतो. पान तसंच ठेवून सर्व्हरकडे गुपचूप विचारतो, 'या तालुक्यातली गावं दे रे!' आणि तेवढीच यादी बदलतो. 2005मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला 'एजॅक्स' हे नाव दिलं. गूगल मॅप्सही त्याच वर्षी आलं. नकाशा सरकवा, पान जागच्या जागी!

पण बॉस, खरी मेख पुढेच आहे. स्क्रीनवर दिसलं म्हणजे सेव्ह झालं असं नाही. टाइप केलेलं तीन ठिकाणी असू शकतं. नुसतं पानावर, म्हणजे रिफ्रेश केलंत की गेलं. ब्राउझरच्या स्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर मिळेल, पण घरच्या लॅपटॉपवर नाही. आणि सर्व्हरवर, म्हणजे लॉगिन करून कुठूनही उघडा. ऑफिसच्या कॉमन पीसीवर दुसरा प्रकार तर डेंजरच. तुमचा आधार नंबर पुढच्या माणसाला आयता मिळायचा!

हा फरक बाबांना महागात पडू शकतो. 15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची, फोटो काढायचा. शेतात रेंज नसेल तर माहिती फोनमध्येच राहते आणि नेटवर्कमध्ये आल्यावर अपलोड करावी लागते. ते राहिलं तर? फोनमध्ये कांदा, वावरात कांदा, सातबाऱ्यावर मात्र पीक नाही! आणि नुकसानभरपाईच्या वेळी विचारतात ती नोंदच.

तेव्हा मंडळी, कुठलाही फॉर्म भरताना 'सेव्ह झालं' हा मेसेज किंवा अर्ज क्रमांक दिसेपर्यंत खिडकी बंद करू नका. आणि या वीकेंडला गावी फोन लावाल तेव्हा 'जेवलात का?'च्या पाठोपाठ आणखी एक विचारा, 'अपलोड केलंत का?'