मिटवले म्हणजे न्याय झाला?

गेल्या पावसाळ्यात कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलक आहे. रंग उडालाय, पण अक्षरे वाचता येतात. बैठकीला एक मुलगी आली नव्हती. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध तिने तक्रार दिली होती आणि दोन महिने आम्ही तिच्याबरोबर हेलपाटे घालत होतो. म्हणून तिच्या घरी गेलो. सासू दारातच म्हणाली, "मिटलं ताई आमचं. चार शानी मानसं बसली, मिटवून टाकलं." मुलगी परसात भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. काय ठरले म्हणून विचारले, तर 'पुन्हा हात उचलणार नाही' असे नवऱ्याकडून लिहून घेतले आहे, एवढेच कळले. तो कागद कोणाकडे आहे? नवऱ्याच्या चुलत्याकडे!

तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. तेव्हा गृहमंत्री होते आपल्याच भागातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील. बांधाच्या भांडणापायी दोन पिढ्यांची कमाई कोर्टात घालवलेली माणसे मी पाहिली आहेत. अशांना या मोहिमेचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. पण बाईच्या अंगावरचे वळ बांधासारखे मोजून दोन्ही बाजूंना वाटून देता येत नाहीत. गावाला बक्षीस मिळते ते तंटा उरला नाही म्हणून. बाईला न्याय मिळाला का, हा रकाना त्या तक्त्यात कुठे असतो?

एवढ्या घरगुती गोष्टीवरून मी आता युद्ध, शांतता आणि आंतरराष्ट्रीय कायदा यांच्याकडे वळणार आहे. मैत्रिणींनो, 'हा विषय दिल्ली-जिनिव्हाच्या विदुषींचा' म्हणून पान उलटू नका. शिबिरात हा विषय निघाला की आपल्यातल्याच कितीतरी कार्यकर्त्या जांभया देतात, हे मी पाहिले आहे. मीही दिल्या आहेत. माझे मत बदलले ते उसाच्या फडात.

त्यानंतरच्या तोडणीच्या हंगामात तुळजापूरकडून आलेल्या एका टोळीच्या कोप्यांवर आम्ही बायकांच्या आरोग्याची माहिती घेत होतो. पाण्याचा विषय निघाला. साठीच्या आसपासची एक बाई सहज बोलून गेली, "आमच्या गावात एक आड हाय. माजी आजी मरूस्तोवर त्याचं पानी प्याली न्हाई. त्यात बाया हाईत म्हनायची." कोणाच्या बाया? "मुसलमानाच्या. पोलीस ॲक्शनीतल्या." आणि तेवढ्याच दमात पुढे म्हणाली, "त्याच्या आदी रझाकारीत आमच्या बाया कडब्याच्या गंजीत लपायच्या. एक गावलीच." मग ती उठून चुलीकडे गेली.

हा इतिहास आपल्यापैकी अनेकींना अर्धाच शिकवला गेला आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या. मोठी तुकडी आपल्या शेजारच्या सोलापूरहून नळदुर्गमार्गे गेली. १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात आणि तो पाळायलाच हवा. रझाकारांच्या जुलमाविरुद्ध माणसे लढली, दगडाबाई शेळक्यांसारख्या बाया हातात बॉम्ब घेऊन लढल्या. ते सारे खरे आहे. पण नंतर काय झाले? पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी तिकडे गेले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरून माहिती घेतली. स्वतः जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी ते बोलले. कारवाईच्या काळात आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज आहे. सर्वांत जास्त हानी झाली ती उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांत. म्हणजे त्यातले दोन आपल्या महाराष्ट्रातले. लातुरात तर वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू होती.

मृतांचा आकडा तरी लिहिला गेला. बायकांचे काय झाले, तेही त्या अहवालात आहे: बलात्कार, पळवून नेणे, प्रेतांनी भरलेल्या विहिरी, एका विहिरीत छातीला लेकरू चिकटलेली बाई. पळवलेल्या बायकांना संस्थानाबाहेर कुठे नेले, त्यात दोन शहरांची नावे आहेत, सोलापूर आणि नागपूर. सोलापूर! आपण पंढरपूरला, तुळजापूरला जाताना ज्या शहराची बस पकडतो, ते. त्या बायकांपैकी किती परत गेल्या, किती तिथेच नाव बदलून कोणाच्या तरी घरात राहिल्या, किती जणींच्या नाती आज आपल्या गटांत सभासद असतील, कोण सांगणार?

अहवालात दुसरीही बाजू आहे, ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. कितीतरी ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना पाठीशी घातले. पळवलेल्या बायकांना शोधून घरी पोहोचवायलाही हिंदूंनी मदत केली. हा अहवाल गृहमंत्री सरदार पटेलांना मान्य झाला नाही. तो प्रसिद्धही झाला नाही. कित्येक दशके दप्तरात पडून राहिल्यानंतर अलीकडे, २०१३ च्या सुमारास, तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला. मिटवलेल्या भांडणाचा कागद चुलत्याच्या पेटीत!

आता तारखा पाहा. टोकियोत जपानी युद्धगुन्हेगारांच्या खटल्याचा निकाल वाचला गेला तो नोव्हेंबर १९४८ मध्ये. ९ डिसेंबरला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला. दुसऱ्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याच्या पहिल्या कलमात मूळ मसुद्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' करायला लावले ते आपल्या मुंबईच्या हंसाबेन मेहतांनी. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो. पण त्याच दिवसांत सुंदरलाल समिती त्या विहिरींमध्ये डोकावत होती. आणि त्याच पॅरिसमध्ये, तीन महिने आधी, १६ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेत हैदराबादचा प्रश्न निघाला होता. तिथे वाद झाला तो राजाचा: हैदराबाद स्वतंत्र देश आहे की नाही, हे युद्ध की घरातली बाब? काही दिवसांत निजामाने तक्रार मागे घेतली आणि जगाच्या दृष्टीने विषय संपला. कडब्याच्या गंजीतली बाई आणि आडातली बाई, दोघींपैकी कोणीच त्या तक्रारीत नव्हती.

'पोलीस कारवाई' हे नावच पाहा ना! रणगाडे, विमाने वापरून केलेल्या लढाईला पोलिसी काम म्हटले की युद्धाचे नियम लागू होत नाहीत. 'हे आमचे घरातले आहे' हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे, मैत्रिणींनो? रोज ऐकतो.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, लातूरचा वकील, याच्यावर खटले झाले. त्याला शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. पण त्याचे गाजलेले खटले दरोड्याचे आणि खुनाचे होते. टोकियोतही तसेच. जपानी सैन्याने कोरिया, चीन, फिलिपिन्समधल्या बायकांना छावण्यांत कोंडून गुलाम केले होते. त्या गुन्ह्याचा त्या खटल्यात स्वतंत्र विचार झाला नाही. ते जगाने खऱ्या अर्थाने ऐकले ते १९९१ मध्ये किम हाक-सून ही कोरियन आजी स्वतःच्या नावानिशी पुढे आली तेव्हा! २००० साली टोकियोतच बायकांनी आपले लोकन्यायालय भरवले. त्याच्या निकालाने कोणी तुरुंगात गेले नाही. पण म्हाताऱ्या बायका जगापुढे उभ्या राहून बोलल्या आणि त्यांचे बोलणे पुरावा म्हणून नोंदले गेले.

कायदा आपोआप शहाणा होत नाही. १९४९ च्या जिनिव्हा कराराने युद्धात बायकांचे रक्षण करायला सांगितले, पण कशाचे रक्षण? त्यांच्या 'इज्जती'चे! बाईच्या देहाचे, मनाचे नव्हे. (आपला विनयभंग हा शब्द त्याच कुळातला. २०२३ मध्ये दंडसंहिता बदलली, तरी तो तसाच आहे.) हे बदलले ते रवांडात. १९९४ च्या कत्तलीनंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे अकायेसू नावाच्या पुढाऱ्यावर खटला चालू होता. सुरुवातीच्या आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. १९९७ मध्ये एक साक्षीदार बाई दुसरेच काही सांगता सांगता आपल्या लहान मुलीवर काय झाले ते बोलून गेली. न्यायासनावर तीन न्यायाधीश, त्यांत एकच बाई, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले, भारतीय वंशाच्या. साक्षीदारांना विचारायला नको वाटणारे प्रश्न विचारले गेले, बायकांच्या संघटनांनी बाहेरून रेटा लावला, आरोपपत्र बदलावे लागले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हे वंशसंहाराचे हत्यार असू शकते, असे प्रथमच म्हटले गेले. उसाच्या फडातली ती बाईही पाण्याबद्दलच बोलत होती ना?

त्यानंतर पुष्कळ झाले. रोम कराराने बलात्कार आणि लैंगिक गुलामी यांना युद्धगुन्हा आणि मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवले. ऑक्टोबर २००० मध्ये सुरक्षा परिषदेच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाने सांगितले की शांततेच्या वाटाघाटींना बायका बसल्या पाहिजेत. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाचे उच्चाटन करणाऱ्या सनदेच्या समितीने २०१३ मध्ये स्पष्ट केले की देशांतर्गत संघर्षांतही ही सनद लागू आहे. 'घरातली बाब' ही पळवाट तिथे तरी बुजली.

आणि आपले सरकार? रोम करारावर सही नाही. वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठी वेगळा कायदा केला नाही. जिनिव्हा करारांचा कायदा १९६० मध्ये केला, पण त्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे न्यायालयात तक्रार करायची ती सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने. पीडित बाईने नाही! स्त्रियांची सनद १९९३ मध्ये मान्य केली ती अशी पुस्ती जोडून, की कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाने पुढाकार घेतल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही. समाज म्हणजे कोण? तीच चार शहाणी माणसे.

मोठ्या देशांचे कायदे मोठ्या देशांना लागू होत नाहीत, हरलेल्यांनाच शिक्षा होते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण म्हणून कायदाच नको म्हणणे हे, पोलीस ऐकत नाहीत म्हणून तक्रारच देऊ नको, असे त्या मुलीला सांगण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. 'ताई, आता कशाला उकरता? वातावरण आधीच तापलेले आहे.' हे सांगणारे आपले हितचिंतकच असतात. पण गप्प बसल्याने वातावरण निवले का? ज्यांना आग लावायची आहे ते दर सप्टेंबरात आपापली अर्धी गोष्ट सांगतातच. एक जण फक्त रझाकार सांगतो, दुसरा फक्त पोलीस ॲक्शन. त्या उसतोड बाईने दोन्ही एका दमात सांगितले आणि तिला कोणाचा सूड घ्यायचा नव्हता. आधीच्या दुःखाने नंतरचे फिटत नाही, हे तिच्या आजीला कळत होते. म्हणून तर तिने त्या आडाचे पाणी सोडले.

आणि हे फक्त मराठवाड्याचे नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या खुनानंतर, आपल्याच सातारा-सांगली-कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या रात्री कोणत्या बायका कोणाच्या माडीवर लेकरांची तोंडे दाबून बसल्या, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी हळू आवाजात सांगितले आहे. आपण त्याबद्दल शिबिरात बोलतो का? मी स्वतः बोलले नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्यांना ते अडचणीचे वाटते, हेच कारण.

हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेने १९८० च्या दशकात तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून नोंदवून घेतल्या, पुस्तक केले. १९४८ पाहिलेल्या बाया आता ऐंशीच्या पुढे आहेत. आपल्याकडे वेळ फार नाही. आमच्या गटाने ठरवले आहे की येत्या हंगामात आरोग्याच्या नोंदींबरोबर कोप्यांवरच्या बायकांना 'तुमची आजी काय सांगायची?' एवढे विचारायचे. नाव-गाव लिहायचे ते तिने हो म्हटले तरच. सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेडच्या मैत्रिणींनी आपापल्या भागात हे करावे. सुंदरलाल समितीचा अहवाल राज्य सरकारने मराठीत, पूर्ण, अधिकृतपणे छापावा आणि त्याच्या शेजारी रझाकारी अत्याचारांच्या नोंदीही छापाव्यात, या मागणीच्या पत्रावर १७ सप्टेंबरच्या आधी जास्तीत जास्त गटांच्या सह्या हव्यात.

आणि हो, त्या मुलीच्या तडजोडीच्या कागदाची प्रत आम्ही चुलत्यांकडे लेखी मागितली आहे. ते म्हणतात, कुठे ठेवला ते आठवत नाही. मुलगी मात्र गेल्या बैठकीला आली होती.