खांबाचे मूळ

आम्हां सुपेकरांना पाण्याचा प्रताप निराळा सांगावयास नको. माझे बालपण ज्या सुप्यात गेले, ते गाव काळी नदीवरील 101 मीटर उंचीच्या धरणामागे 1980च्या दशकात बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास गेले. ते पाणी निदान सर्वांच्या डोळ्यांदेखत आले. थेंबाथेंबाने शिरून वर्षानुवर्षे आपला सुगावा लागू न देणाऱ्या पाण्याची ओळख मात्र मला गेल्या दिवाळीच्या सुटीत, गोव्यात झाली.

माझा एक जुना विद्यार्थी मांडवीकाठी होड्या दुरुस्त करण्याच्या कामावर आहे. "गुरुजी, एकदा येऊन पाहाच," असा त्याचा फार दिवसांचा आग्रह. अनमोड घाट उतरून गेलो. मांडवीचे वरचे नाव म्हादई, आणि तिचा उगम आमच्या शेजारच्या खानापूर तालुक्यातला. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या शिडाच्या नौकेलाही हेच नाव आहे. तीतूनच कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय.

विद्यार्थ्यापुढची नौका एवढी नामांकित नव्हती. वीस-पंचवीस वर्षांची, फायबरची. डेकच्या कडेने सुमारे 60 सेंटिमीटर उंचीचे पोलादी खांब आणि त्यांतून ओवलेल्या तारा. नौका कलंडून धावू लागली म्हणजे रात्रीच्या पहाऱ्यावरचा खलाशी समुद्रात जाण्यावाचून राहतो तो ह्या कठड्याच्या भरवशावर. आणि खांबाची बैठक केवढी, तर हाताच्या पंजाएवढी! माणूस वर आदळला की खांबाची तरफ होते. माथ्यावरचा भार बुडाशी कित्येक पटींनी वाढून बोल्टांवर येतो. बोल्ट किंचित हलतो, त्याभोवतीच्या सीलंटला केसाएवढी फट पडते आणि तेवढी पाण्याला पुरते. डेक म्हणजे नुसते फायबर नव्हे. त्याच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा हलके बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असते. ते आतल्या आत कुजते. वरून सारे चकचकीत.

त्याने पेचकसाची मूठ डेकवर ठोकीत नेली. टण, टण, टण. खांबाजवळ येताच भद्द. नट काढून खांब उपसला तेव्हा भोकातून तपकिरी पाणी आणि चहाच्या चोथ्यासारखा लगदा निघाला. बोल्टांनाही खड्डे पडलेले. न गंजणारे म्हणून विकत घेतलेले पोलादही खाऱ्या पाण्यात हवेवाचून कोंडले गेले की असे झिजते, हे मला नवीन होते.

कुजके तेवढे खरवडून आतला भाग पूर्ण वाळवायचा. ह्यात घाई केली की सगळे काम फुकट. मग भोक मुद्दाम मोठे करून त्यात एपॉक्सीची लांबी ठासायची आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधून बोल्टच्या मापाचे भोक पाडायचे. पुढेमागे पाणी शिरलेच तरी लाकडाला शिवत नाही. भोकाची वरची कड थोडी उतरती करायची, म्हणजे बोल्टच्या गळ्याशी सीलंटची वळी बसते. सीलंट पॉलिसल्फाइडचे चालते, ब्यूटाइलची पट्टीही चालते. सिलिकोनचे नाव काढले तर माझा शिष्य चिडतो. त्याचा अंश राहिला की त्यावर पुन्हा दुसरे काही नीट चिकटत नाही. डेकखालून रुंद धातूची पट्टी. आवळताना बोल्ट वरून फिरवायचा नाही, वळी तुटते. एकाने वर पेचकसाने बोल्ट धरायचा, दुसऱ्याने खालून पान्याने नट फिरवायचा. म्हणजे माणसे दोन हवीत. दुसरा मी झालो. वयाच्या ह्या टप्प्यावर कपाटाएवढ्या खोलीत उताणा पडून पाना फिरविला.

तेथे पडल्यापडल्या मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी सहसा कोणाला सांगत नाही. मुख्याध्यापक होऊन फार दिवस झाले नव्हते. मधल्या सुटीत पाचवीतला एक मुलगा व्हरांड्याच्या लोखंडी कठड्याला टेकला आणि खांब बुडाच्या सिमेंटसकट निखळला. मुलगा खालच्या फरशीवर पडला. हात मोडला, आमच्याकडच्या रस्त्यांनी दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो माझ्या मांडीवर कण्हत होता. वडील मजुरी करणारे. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच अजून बोचते. चौकशीत मी लिहून दिले की कठड्याला दरवर्षी रंग दिला जातो. ते खरेच होते. पावसाळ्याआधी मी स्वतः उभा राहून रंग देववीत असे. खांब जमिनीत जेथे शिरतो तेथे वाकून मात्र कधी पाहिले नव्हते.

शाळा उघडली त्या दिवशी शिपायाला हातोडी घेऊन बरोबर बोलाविले. व्हरांड्याचे सतरा खांब बुडाशी ठोकून पाहिले. चार भद्द वाजले. त्यांच्या दुरुस्तीचा अंदाज लिहून पाठविला आहे. मंजुरी येईपर्यंत तेवढ्या भागापुढे काथ्याची दोरी बांधली आहे आणि मधल्या सुटीत मी स्वतः तेथे खुर्ची टाकून बसतो.