एसी-डीसी इंजिनाची प्रतिकृती कोण करणार?

अमेरिकेत न्यू जर्सीच्या रॅरिटन व्हॅली मार्गावर राहणाऱ्या नोकरदारांना न्यूयॉर्कला जाताना न्यूआर्कला गाडी बदलण्याची सवय होती. मार्गाच्या मोठ्या भागावर विजेची तार नाही, आणि हडसन नदीखालच्या १९१० सालच्या बोगद्यांत डिझेलच्या धुराला मज्जाव. यावर बंबार्डिए कंपनीने जर्मनीत कासेलला बांधलेलं एएलपी-४५डीपी हे इंजिन कामी आलं. ते डिझेलवरही चालतं आणि तारेवरही. त्याच्या भरवशावर मार्च २०१४ पासून गर्दीच्या वेळा सोडून काही गाड्या थेट मॅनहॅटनला जाऊ लागल्या. या पट्ट्यातल्या अनेक मराठी कुटुंबांनाही हे इंजिन परिचित आहे.

याच इंजिनाची एचओ मापातली, म्हणजे सत्त्याऐंशीपट लहान प्रतिकृती न्यू जर्सीतल्याच हिलसाइडच्या ॲटलस कंपनीने काढली. खरं इंजिन सुमारे २१.८ मीटर लांब, प्रतिकृती जेमतेम २५ सेंटिमीटर. तिला खेळणं म्हणणं चूक आहे.

फलाटावरून इंजिनाची फक्त बाजू दिसते. दोन शक्ती एका सांगाड्यात कोंबताना अभियंत्यांना किती झगडावं लागलं, हे छतावर लिहिलेलं असतं, आणि ते छत प्रवाशाला कधी दिसत नाही. पँटोग्राफ आणि त्याचे इन्सुलेटर एकीकडे, डिझेलचा धूर आणि उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा दुसरीकडे. पोटात ट्रान्सफॉर्मर, इंधन आणि दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी २,१०० अश्वशक्तीची. एकच अवजड इंजिन न बसवता वेगाने फिरणारी दोन हलकी का घेतली? कारण सुमारे १३० टनांचा सगळा भार चारच आसांवर पेलायचा होता. प्रतिकृती हातात घेऊन वरून पाहिली की ही दाटी चटकन ध्यानात येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती पुस्तकातल्या आकृतीहून जास्त शिकवते.

आता आपल्याकडे पाहू. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढे देशाने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारला आणि मुंबईच्या वेशीवर दोन प्रवाह समोरासमोर आले. पश्चिम रेल्वेवर ही हद्द विरारपाशी होती, मध्य रेल्वेवर इगतपुरीला. या पेचातून १९७५ मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात दोन्ही प्रवाहांवर चालणारं डब्ल्यूसीएएम-१ इंजिन जन्मलं. नव्वदच्या दशकात भेलने डब्ल्यूसीएएम-२ आणि ३ बांधली. ही इंजिनं डिझेलवर चालत नसत, पण कोडं त्याच जातीचं होतं. डब्ल्यूसीएएम-१ डीसीवर धावताना त्याची ताकद एसीपेक्षा बरीच कमी भरे, तरी मुंबई-अहमदाबाद मार्गाचा भार त्याने वर्षानुवर्षं ओढला. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरची शेवटची डीसी गाडी गेली आणि या इंजिनांचं मूळ प्रयोजनच संपलं.

मुंबईच्या गरजेतून घडलेल्या या यंत्राची, एएलपी-४५डीपीच्या तोडीची बारकाव्यांची प्रतिकृती आपल्या दुकानांत मिळायला हवी. अडचण कसबाची नाही. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून सुरू असलेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहिलं की याची खात्री पटते. एक अडचण मापाची आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद. सत्त्याऐंशीपट लहान केल्यावर ती १९.३ मिलिमीटर भरते, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या रुळावरून बेतलेला. त्यावर आपलं इंजिन बसवायचं तर चाकं आत ओढावी लागतात आणि बोगीचा खरा रुबाब जातो. काचेच्या कपाटात ठेवायच्या प्रतिकृतीला तरी ही तडजोड करू नये.

दुसरी अडचण कागदांची, आणि ती रेल्वेच्याच हातात आहे. चित्तरंजन आणि भेलकडचे या इंजिनांचे मूळ आराखडे अभियांत्रिकी महाविद्यालयांना आणि प्रतिकृतिकारांना खुले करावेत. निदान छताची मांडणी, बोगीची मापं आणि रंगांचे नेमके क्रमांक तरी द्यावेत. कल्याणच्या शेडमध्ये या इंजिनांवर हात चालवलेले कारागीर निवृत्त होत आहेत. कोणती तार कुठून जाई, कोणता स्विच कुठे असे, हे त्यांना आराखड्याविना सांगता येतं. मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत बसायला हवं, तेही ही इंजिनं भंगाराच्या लिलावात जाण्याआधी.