नारळीकरांचा वाद का विसरावा?

वज्रेश्वरीच्या देवीचे दर्शन घेऊन तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे वळलेला यात्रेकरू पाण्यात हात घालतो आणि चटकन मागे घेतो. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला केलेला नवस आणि १७३९ च्या विजयानंतर बांधलेले मंदिर ही हकीकत त्याच्या कानावर असते. कुंडांतील ऊन पाणी म्हणजे देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त, ही आख्यायिकाही असते. भूशास्त्राचे उत्तर वेगळे आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपते, तेथे तापते आणि वर येते. परंतु पृथ्वीचे पोट मुळात तापलेले का? जन्मवेळची धग अद्याप शिल्लक आहे म्हणून, की आत आजही उष्णता निर्माण होत आहे म्हणून? पृथ्वी ही केवळ निवत आलेला गोळा आहे असे धरून एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्व्हिन यांनी तिचे वय काही कोटी वर्षे ठरविले. ते साफ चुकले. ती सुमारे ४५० कोटी वर्षांची आहे, आणि तिच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी साधारण निम्मी युरेनियम, थोरियम यांसारख्या द्रव्यांच्या किरणोत्सारातून आजही तयार होत असते.

शिळी धग की चालू चूल, हाच प्रश्न अवघ्या विश्वाविषयी विचारता येतो. तो आयुष्यभर विचारीत राहिलेले डॉ. जयंत विष्णू नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. महाराष्ट्राने त्यांना मनापासून निरोप दिला. केंब्रिजचे रँग्लर, पद्मविभूषण, महाराष्ट्रभूषण, विज्ञानकथाकार, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय परीक्षा घेणारे विवेकवादी, साधे गृहस्थ असे सर्व काही त्यांच्याविषयी लिहिले व बोलले गेले, आणि ते सर्व खरेच होते. एक गोष्ट मात्र बहुतेकांनी ओझरत्या वाक्यात उरकली किंवा सौजन्याने टाळली. ती अशी की, विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला हा जो सिद्धांत आज जगभर मान्य आहे, तो या थोर विश्वरचनाशास्त्रज्ञाला अखेरपर्यंत पटला नाही. त्यांच्या संशोधनाचा हाच कणा होता. तो वगळून उरतो तो सत्कारमूर्ती. शास्त्रज्ञ उरत नाही.

विश्व प्रसरण पावत असले तरी त्याला आरंभ नाही, दीर्घिका एकमेकींपासून दूर जातात तेव्हा रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य सावकाश निर्माण होत राहते आणि विश्वाचे एकूण रूप बदलत नाही, असा स्थिर-स्थिती सिद्धांत फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी व थॉमस गोल्ड यांनी १९४८ साली मांडला. हॉइल यांचे शिष्य म्हणून नारळीकर केंब्रिजमध्ये संशोधनाला लागले तेव्हाच त्यावर मोठा हल्ला चालला होता. रेडिओ-स्रोतांची गणना करून मार्टिन राइल यांनी १९६१ मध्ये हा सिद्धांत मोडीत निघाल्याचे जाहीर केले. गुरूच्या बाजूने उत्तर तयार करण्याचे काम या नवख्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. जून १९६४ मध्ये गुरुशिष्यांनी रॉयल सोसायटीत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. वस्तूचे जडत्व हा तिचा एकटीचा गुण नसून विश्वातील इतर सर्व द्रव्याच्या अस्तित्वाचा तो परिणाम आहे, ही माख यांची कल्पना त्यांनी गणितात बसविली होती. त्याच सभेत स्टीफन हॉकिंग नावाच्या तरुण विद्यार्थ्याने, प्रसरणशील विश्वात या सिद्धांतातील बेरीज अनंत होते, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप बिनतोड होता की नाही याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. भारतात मात्र या सिद्धांताची बातमी विजयवार्तेसारखी पोचली आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळाले.

दैवाचा खेळ असा की, त्याच वर्षी त्यांच्या पायाखालची भूमी हलली. अमेरिकेतील पेन्झियास व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून सारखेच येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले. त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २७० अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अवघे पावणेतीन अंश वर. महास्फोटवादी म्हणाले, ही जन्मवेळची धग. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना जे प्रारण तीन हजार अंशांच्या घरात होते, तेच प्रसरणामुळे निवत निवत एवढे उरले आहे. नारळीकरांचे उत्तर दुसऱ्या पक्षाचे होते: ही चूल चालू आहे. ताऱ्यांच्या प्रकाशातली ऊर्जाच अंतराळातील लोहाच्या सूक्ष्म सुया शोषून घेतात व एकसारख्या तापमानाच्या प्रारणाच्या रूपाने परत फेकतात. हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी मांडलेल्या अर्धस्थिर विश्वाच्या सिद्धांतात ही कल्पना आहेच. शिवाय विश्व दीर्घ काळाच्या आवर्तनांत फुगते व आकसते आणि निर्मिती एका क्षणी न होता ठिकठिकाणी लहान स्फोटांनी होत राहते, असेही त्यात प्रतिपादन आहे.

हे उत्तर टिकले काय? आमच्या मते टिकले नाही, आणि ते स्पष्ट म्हणण्यात मृताचा अनादर होत नाही. कोबे उपग्रहाने १९९० मध्ये दाखविले की, या प्रारणाचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूच्या वक्राशी तंतोतंत जुळतो. पुढे डब्ल्यूमॅप व प्लांक या यानांनी त्यातील अतिसूक्ष्म चढउतार मोजले. त्या चढउतारांची घडण कशी असावी, हे महास्फोटाच्या गणिताने मोजमापाच्या आधीच सांगून ठेवले होते. लोहाच्या सुया मात्र मागाहून, ठिगळासारख्या जोडाव्या लागल्या. विश्वातील दृश्य द्रव्यापैकी वजनाने जवळजवळ चतुर्थांश हेलियम आहे, आणि एवढे हेलियम तारे तयार करू शकत नाहीत. हा हिशेब १९६४ मध्ये करणाऱ्या दोघांपैकी एक खुद्द हॉइल होते! महास्फोट या शब्दाचे इंग्रजी मूळही १९४९ च्या एका रेडिओ-भाषणात त्यांनीच वापरले होते. विरोधकाने दिलेले नाव आणि विरोधकाने केलेला हिशेब असा दुहेरी लाभ क्वचितच एखाद्या सिद्धांताला होतो.

तरीही हरलेल्या बाजूच्या पदरात काही पडले नाही असे मानण्याचे कारण नाही. विश्वाचा एखादा भाग अतिवेगाने फुगू लागला की त्यातील खाचखळगे आपोआप सपाट होतात, आणि मोठ्या विश्वात असे बुडबुडे निर्माण होऊ शकतात, हा विचार हॉइल-नारळीकरांच्या १९६३ व १९६६ च्या निबंधांत आहे. पुढे १९८१ मध्ये ॲलन गुथ यांनी महास्फोटाच्या चौकटीत अतिवेगवान प्रसरणाची कल्पना मांडली तेव्हा या जुन्या निबंधांची आठवण फारच थोड्यांना राहिली. विश्वप्रसरणाचा वेग वाढतो आहे हे १९९८ मध्ये दिसून आले. वेग वाढत जाणारे विश्व हा तर मूळ स्थिर-स्थिती सिद्धांताचाच निष्कर्ष होता. शिवाय महास्फोटाच्या अगदी आरंभक्षणी जेथे गणितच कोलमडते, तेथे पुंजयांत्रिकी लावली तर काय होते, याचा अभ्यास नारळीकरांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपले विद्यार्थी थानू पद्मनाभन यांच्यासह केला. जो सिद्धांत मान्य नाही त्याचेही दुखणे कोठे आहे, हे आतून पाहण्याची ही तयारी होती.

सर्वांत बोलका पुरावा मात्र पुण्याच्या आयुकाचा आहे. संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली आणि २००३ पर्यंत नारळीकर तिचे संचालक होते. आपल्याकडे संस्थापकाचे मत हेच संस्थेचे मत होण्यास वर्ष पुरते. विद्यापीठांतील विभागांकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल. आयुकात पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप हे महास्फोटाच्या चौकटीतील विश्वरचनाशास्त्राचा अभ्यास करीत होते, आणि सौरदीप यांचा विषय तर तेच सूक्ष्मतरंग प्रारण, जे संचालकांच्या सिद्धांताच्या गळ्याशी आले होते. संचालक शेजारच्या खोलीत बसून विरुद्ध बाजूने लिहीत होते. उलट, महास्फोटाशी न जुळणाऱ्या संशोधनाला पैसा व दुर्बिणीचा वेळ मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या २००४ मधील जाहीर पत्रावर त्यांची स्वाक्षरी होती. बाहेर जो मोकळेपणा त्यांना मिळत नव्हता, तो त्यांनी आपल्या घरी इतरांना दिला.

या विरोधाचा गैरवापरही होतो. ‘नारळीकरांनाही महास्फोट मान्य नव्हता, मग आमच्या पोथीतील विश्वोत्पत्ती का नाकारता?’ असा युक्तिवाद अधूनमधून कानी येतो. नारळीकरांनी आपल्या सिद्धांताला आकडे लावले, आणि कोणते निरीक्षण आपल्याविरुद्ध जाईल हे सांगितले. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवून ज्योतिषांना पारखणाऱ्या माणसाचे नाव पोथीच्या मदतीला घेणे हा निव्वळ कांगावा आहे.

शिक्षकांनी या वादाचे काय करावे? वर्गात महास्फोट सांगितला जातो तो बहुधा वेदवाक्यासारखा: १३८० कोटी वर्षे, एक स्फोट, दोन गुणांचा प्रश्न. हे कळले कसे आणि कोणी हरकत घेतली होती काय, याला तासिकेत जागा नसते. भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीच्या परिसरात ज्या शाळा आहेत, त्यांना प्रयोगशाळेचीही वाट पाहावी लागणार नाही. मुलांना कुंडावर न्यावे, हात बुडवायला सांगावे, आणि ही शिळी धग की चालू चूल हे ठरविण्यासाठी काय मोजावे लागेल, एवढेच विचारावे. मग पृथ्वीचे उत्तर ‘दोन्ही’ असे का आले आणि विश्वाचे ‘शिळी धग’ असे का आले, हे सांगताना कोल्हापुरात जन्मलेल्या एका माणसाने साठ वर्षे दुसऱ्या उत्तराची बाजू लढविली, हेही सांगावे. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली स्वाक्षरी येत असे. ‘सर, तुमचा सिद्धांत चुकला असे म्हणतात, ते खरे काय?’ असे कार्ड कोणी पाठविले असते, तर त्याला सर्वांत लांब उत्तर गेले असते, असे आम्हांस वाटते.