एक घाणा साबणाचा

दिवाळीचा फराळ आटोपला की घरोघरी कढईत तळणाचे तेल उरते. ते टाकवत नाही आणि पुन्हा पुन्हा तळायला घेणे तब्येतीला बरे नाही. यंदा त्या तेलाचा कपडे धुण्याचा साबण करून पाहावा, असे आमच्या माय-भगिनींना आणि त्यांच्या कर्त्या मंडळींनाही सुचवावेसे वाटते. विकतच्या वडीपेक्षा तो स्वस्त पडेलच असे मी म्हणणार नाही. पण आपल्या हातच्या वडीला पहिला फेस आलेला पाहण्यात जी मौज आहे, ती दुकानात मिळत नाही.

साबण म्हणजे तेल आणि तीव्र खार यांचा संयोग. पूर्वी हा खार लाकडाच्या राखेतून काढीत. राखेच्या खाराचा साबण मऊ राहतो. घट्ट वडीला कॉस्टिक सोडा, म्हणजे दाहक सोडा लागतो. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. १९४१ साली गांधीजींनी रचनात्मक कार्यक्रमावर पुस्तिका लिहिली, तीत दळण, कांडण, कागद आणि तेलघाणा यांच्या पंक्तीला साबणही बसवला आहे. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने करंज, कडुलिंब, मोह अशा अखाद्य तेलांच्या साबणाला चालना दिली. तेव्हा हा काही शहरी छंद नव्हे.

आता सोड्याविषयी. दुकानात तीन सोडे मिळतात. खाण्याचा आणि धुण्याचा सोडा इथे उपयोगाचा नाही. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तो पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. डब्यावर ठळक नाव घालून कुलपात ठेवावा. काम अंगणात किंवा मोकळ्या पडवीत करावे. मुले, कुत्री, कोंबड्या लांब ठेवाव्यात. हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा आणि अंगभर कपडे हवेत. भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचे घ्यावे. जर्मनचे पातेले सोडा खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. सोडा थोडा थोडा करून पाण्यात सोडायचा. सोड्यावर पाणी ओतायचे नाही, ते उसळून अंगावर येते. अंगावर वा डोळ्यात उडालाच तर निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरून तडक दवाखाना गाठावा. लिंबू, व्हिनेगर असले उपचार करू नयेत. पोटात गेला तर उलटी काढू नये, वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

पहिल्या घाण्याचे माप असे. फडक्यातून गाळलेले तळणाचे तेल ३५० ग्रॅम, खोबरेल १५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७१ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. सगळे वजनाने, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. चहाच्या कपाने मोजायचे असेल तर हे काम हाती घेऊच नये. सोडा विरघळताना पाणी चांगलेच तापते आणि वाफेने ठसका लागतो, म्हणून तोंड बाजूला ठेवावे. ते कोमट झाले की कोमट तेलात हळूहळू ओतून लाकडी दांड्याने ढवळीत राहावे. अर्धा तास लागेल, कधी तासही. मिश्रण पातळ पिठल्यासारखे झाले, वरून सोडलेली धार क्षणभर रेघ होऊन राहिली, की प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या लाकडी खोक्यात ओतून वर पोते टाकावे. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापाव्यात. ती भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत.

मौज सुरू होते ती दुसऱ्या घाण्यापासून. खोबरेल कडकपणा आणि भरभर फेस देते. तळणाचे तेल मऊपणा देते, पण नुसत्या त्याचीच वडी लवकर लिबलिबीत होते. तळणाच्या तेलातले ५० ग्रॅम काढून तितकेच एरंडेल घातले तर फेस दाट होतो. एरंडेलाऐवजी करंजाचे तेल घेता येते. आपल्याकडे ओढ्याकाठी करंजाच्या शेंगा पडून वाया जातात. वास उग्र असल्याने तो साबण कपड्यालाच बरा. या दोन्ही बदलांत सोडा ७१ ग्रॅमच ठेवावा.

खोबरेल मात्र असे हलवता येत नाही. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, तळणाच्या तेलाला साडेतेरा. समजा, खोबरेल संपले म्हणून पाचशेच्या पाचशे ग्रॅम तळणाचेच घेतले आणि सोडा ७१ ठेवला. त्या तेलाला फार तर साडेसदुसष्ट ग्रॅम पचतो. उरलेला साडेतीन ग्रॅम मोकळा राहून हाताची आग करील. आमच्या खात्यात वाणाची चाचणी घेताना खताची मात्रा तीच ठेवून वाण बदलतात, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. इथे तर हिशेब चुकला की कातडी जाते. वरच्या मापात पाच टक्के तेल मुद्दाम जास्त धरले आहे, ते त्याचसाठी. प्रत्येक घाण्याची वजने वहीत लिहावीत आणि वडीवर काडीने अंक कोरावा.

हळद घातली तर साबण पिवळा होईल असे वाटते, होतो तांबूस. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तसेच हे. दूध घातले तर ते खाराने करपून तपकिरी होते. सोडा घालण्याआधी पाण्यात चमचाभर साखर विरघळवली तर फेस वाढतो. शिकेकाई मात्र साबणात घालू नये, डोक्यासाठी वेगळीच ठेवावी. सोड्यापुढे तिचा सौम्य आंबटपणा टिकत नाही. ज्यांच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यांच्याकडे हा साबणही नीट फेसाळणार नाही. तो दोष वडीचा नव्हे, पाण्यातल्या क्षारांचा. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात धुऊन पाहा, फरक दिसेल.

कापताना पडलेला चुरा फेकू नये. वाळला की निंबोळी अर्काच्या फवारणीत कामी येतो. ५ टक्के अर्काच्या १०० लिटरला २०० ग्रॅम चुरा पुरतो, त्याने अर्क पानावर पसरतो. पण आधी दोन झाडांवर मारून पाहावे, पान करपले तर थांबावे.

बचत गटाच्या भगिनी लगेच विक्रीचे विचारतील. अंगाचा साबण करून विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तळणाच्या तेलाचा साबण तर अंगाला लावण्याचा नव्हेच, तो घरच्या धुण्यापुरता ठेवावा.

वड्या निघाल्या की वापरण्याची घाई होते. ती करू नये. सीरियातल्या अलेप्पो शहरात ऑलिव्हच्या तेलाचा साबण कित्येक महिने वाळवत ठेवतात. आपल्याला चार ते सहा आठवडे पुरेत. सावलीत, वारा खेळेल अशा फळीवर अंतर सोडून मांडाव्यात आणि आठवड्याला उलटाव्यात. कापल्यावर आत पांढरे खडे किंवा ओल दिसली तर तो घाणा कशालाच वापरू नये. दिवाळीनंतर आठवड्यात घातलेला चांगला घाणा संक्रांतीच्या धुण्याला हमखास तयार असतो.