गॅलरीतला माणूस

चित्रकलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी गाणे शिकविणारा. पण शहरातील एकाकीपणाचे चित्र म्हटले की जो तो एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराचे १९४२ मधले ‘नाइटहॉक्स’ पुढे करतो, त्याबद्दल मला थोडी तक्रार आहे.

चित्र उत्तम आहे, यात वाद नाही. रात्र, ओस रस्ता, काचेमागे उजळलेले उपाहारगृह. आत एक जोडपे, पांढऱ्या कपड्यांतला वाढपी आणि आपल्याकडे पाठ करून बसलेला एक गृहस्थ. रस्त्यावरून आत शिरावयाचे दार कोठेच दिसत नाही! पण हे एकाकीपण अनोळख्यांचे. तेथे कोणी कोणाला हाक मारणार नाही, कारण नावच ठाऊक नसावे. आपल्या बडोद्याला हे लागू पडेल काय? दांडिया बाजारात एखाद्याला शिंक आली तरी समोरच्या वाड्यातून विचारपूस होते.

म्हणूनच मला भूपेन खक्कर यांचे १९८१ चे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ अधिक जवळचे वाटते. खक्कर जन्माने मुंबईचे. १९६२ पासून बडोद्यात राहिले, हिशेबनिसाचे काम करीत चित्रे काढली आणि २००३ मध्ये गेले. चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. एक माणूस गॅलरीत उभा राहून खालची वस्ती न्याहाळतो आहे आणि तेथे बाप, मुलगा व गाढव यांची, लोकांच्या बोलण्याप्रमाणे वागू पाहणाऱ्यांची, ती जुनी गोष्ट घडते आहे. हा माणूस विवस्त्र आहे. आपल्या मंडळींनी येथेच नाक मुरडू नये. खक्कर समलिंगी होते आणि पुढे त्यांनी ते लपविले नाही. सर्व जण सर्वांना ओळखतात त्या गल्लीत नेमकी आपली एकच गोष्ट कोणाला सांगता येऊ नये, हे एकाकीपण हॉपरला ठाऊक नव्हते, असे मला वाटते.

माझे वडील तरुणपणी दरबारच्या कलावंत कारखान्यात होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी गल्ली त्यांना ‘बुवा’च म्हणे. संध्याकाळी ते गॅलरीत बसत. येणारा-जाणारा नमस्कार करी, प्रकृती विचारी. ‘बुवा, आज थोडे म्हणा’ असे मात्र कोणी म्हणत नसे. मीही कधी म्हटले नाही. मी आतल्या खोलीत शिकवणीच्या मुलांकडून भूप घोटवून घेत असे आणि ते बाहेर बसून ऐकत.