विश्लेषण : घरबसल्या नकाशे काढणारे स्वयंसेवक आपत्तीत कितपत उपयोगी पडतात?

भूकंप, पूर किंवा दरड कोसळल्याची बातमी आली की काही तासांत जगभरातले शेकडो, कधी हजारो लोक संगणकासमोर बसतात आणि उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांवरून बाधित भागातली घरे, रस्ते, पायवाटा एकेक करून नकाशावर उतरवू लागतात. या कामाचे पैसे मिळत नाहीत. बहुतेकांनी तो प्रदेश कधी पाहिलेलाही नसतो. हैती, नेपाळ, केरळ अशा ठिकाणी या कामाचा मदत पथकांना उपयोग झाला, तशा त्याच्या मर्यादाही दिसल्या. दर पावसाळ्यात दरडींच्या धास्तीत राहणाऱ्या महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

सुरुवात कुठून झाली?

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स ७.० तीव्रतेच्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली. परदेशी बचाव पथके विमानतळावर उतरली तेव्हा शहराचा पुरेसा तपशीलवार डिजिटल नकाशाच उपलब्ध नव्हता. मुख्य रस्ते होते. गल्ल्या, दाट वस्त्या, दवाखाने नव्हते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा विकिपीडियासारखा, कुणालाही भर घालता येणारा नकाशा ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये सुरू केला होता. त्याच्या स्वयंसेवकांनी हे काम अंगावर घेतले. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली केली आणि सहाशेहून अधिक जणांनी काही आठवड्यांत शहराचा नकाशा उभा केला. मदत संस्थांनी तो आपल्या जीपीएस यंत्रांत भरून घेतला. याच अनुभवातून त्या वर्षी ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ ही संस्था नोंदवली गेली.

हैतीत आणखी एक प्रयोग झाला. मदत हवी असलेल्यांनी ४६३६ या क्रमांकावर मोबाइल संदेश पाठवायचा. संदेश क्रिओल भाषेत येत, म्हणून परदेशांत राहणारे हैतीयन त्यांचे भाषांतर करत आणि गल्लीचे, चर्चचे नाव ओळखून जागा शोधून देत. असे संदेश नकाशावर मांडण्यासाठी ‘उशाहिदी’ ही प्रणाली वापरली गेली. ती केनियातली. २००७च्या निवडणुकीनंतर तिथे उसळलेल्या हिंसाचाराची नोंद ठेवण्यासाठी ती तयार झाली होती. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ ‘साक्ष’.

गुगल मॅप हातात असताना हा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. व्यापारी कंपन्यांचे नकाशे दुकाने, गाड्या आणि ग्राहक असतात तिथे समृद्ध होत जातात. डोंगरातल्या वस्तीत यातले काहीच नसते. दुसरे कारण मालकीचे. कंपनीचा नकाशा आपण पाहू शकतो, पण त्यामागची सगळी माहिती उतरवून घेणे, तिच्यात तुटलेला पूल दाखवणे, हवी तशी छापून पथकाला देणे हे कंपनीच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती कुणीही घेऊ शकतो आणि ती नेटवर्कशिवाय चालते. आपत्तीत वीज आणि मोबाइलचे टॉवर आधी बंद पडतात, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक ठरतो.

कामाची पद्धतही सोपी ठेवलेली आहे. बाधित क्षेत्राचे लहान लहान चौकोन पाडतात. स्वयंसेवक एक चौकोन निवडतो, तो त्याच्यासाठी राखला जातो. छायाचित्रात दिसणारे प्रत्येक छप्पर, प्रत्येक वाट तो रेखाटतो आणि दुसरा अनुभवी स्वयंसेवक ते तपासतो. ही तपासणी महत्त्वाची, कारण आपत्तीच्या दिवसांत आलेले बरेच जण नवखे असतात. ओढ्याला रस्ता समजणे, गवताच्या गंजीला घर समजणे हे नेहमीचे.

नेपाळमध्ये वेगळे काय घडले?

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. सुमारे नऊ हजार माणसे दगावली. पहिल्या दोन दिवसांतच दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक नकाशाच्या कामाला लागले, पुढे ही संख्या कितीतरी वाढली. गोरखा, सिंधुपालचोक, रसुवा अशा जिल्ह्यांतली दुर्गम गावे, तिथे जाणाऱ्या वाटा, मोकळ्या मैदानात लोकांनी ठोकलेले तंबू हे सगळे नकाशावर आले. रेड क्रॉससारख्या संस्थांनी आणि नेपाळी लष्करानेही ही माहिती वापरली.

या यशाची कथा बहुधा इथूनच सांगितली जाते आणि तिथेच ती अर्धवट राहते. कारण कामाचा मोठा भाग भूकंपाच्या आधी झाला होता. २०१२ पासून काठमांडू खोऱ्यात जागतिक बँकेच्या पाठबळाने एक प्रकल्प सुरू होता. विद्यार्थी आणि तरुण अभियंते पायी फिरून शाळा, दवाखाने, त्यांचे मजले, बांधकामाचा प्रकार अशी माहिती ओपनस्ट्रीटमॅपवर भरत होते. मोठा भूकंप कधीतरी येणार हे सर्वांना ठाऊक होते. त्यातूनच ‘काठमांडू लिव्हिंग लॅब्ज’ ही छोटी संस्था उभी राहिली. भूकंप झाला तेव्हा नकाशा तर तयार होताच, शिवाय तो कसा काढायचा हे जाणणारी, स्थानिक भाषा बोलणारी आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या ओळखीची माणसेही शहरात होती. आधी कोणता भाग हवा, कोणता नंतर चालेल हे या संस्थेने जगभरातल्या स्वयंसेवकांना कळवले. लोकांनी कळवलेल्या मदतीच्या मागण्या तपासण्यासाठी ‘क्वेकमॅप’ हे संकेतस्थळही चालवले. काठमांडूतली ही मूठभर मंडळी नसती तर परदेशातल्या हजारोंची नुसती गर्दी झाली असती, असे म्हणण्यास जागा आहे.

केरळमध्ये अडचण नकाशाची की पत्त्याची?

ऑगस्ट २०१८च्या पुरात केरळमध्ये सव्वाचारशेहून अधिक बळी गेले. तिथे रस्ते आणि घरे नकाशावर बऱ्यापैकी होती. फोनही बराच काळ चालू होते. अडलेल्या माणसाला ‘मी नेमका कुठे आहे’ हे सांगता येत नव्हते. केरळमध्ये घराला क्रमांकापेक्षा नावाने ओळखतात. पत्ता म्हणजे घराचे नाव, टपाल कार्यालय आणि जवळची खूण. ती खूणच पाण्याखाली गेलेली! त्यात मदतीची मागणी करणारी व्यक्ती पुष्कळदा तिथे नसायची. दुबई किंवा मस्कतमधला मुलगा चेंगन्नूरमधल्या आईवडिलांसाठी संदेश पाठवत होता.

राज्याच्या आयटी मिशनच्या साथीने तरुण अभियंत्यांनी ‘केरळरेस्क्यू’ हे संकेतस्थळ तातडीने उभे केले. त्याची संगणकीय आज्ञावली खुली होती, त्यामुळे राज्याबाहेरच्या प्रोग्रामरनीही हात लावला. पण खरे कष्ट आज्ञावली लिहिण्यात नव्हते. आलेल्या प्रत्येक मागणीवर फोन करायचा, माणूस सुखरूप आहे का विचारायचे, जागा नकाशावर निश्चित करायची आणि ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला द्यायची, हे काम रात्रंदिवस करणाऱ्या स्वयंसेवकांची फळी त्यामागे होती. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच हाक शेकडो वेळा फिरत होती. सुटका होऊन गेलेल्या कुटुंबासाठी पुन्हा नाव पाठवली जाण्याचा धोका होता. ‘मागणी पूर्ण झाली’ ही नोंद ‘मदत हवी’ या नोंदीइतकीच मोलाची असते, हे तेव्हा कळले.

हजारो लोकांना वाचवले ते किनाऱ्यावरून ट्रकवर होड्या घालून आलेल्या मच्छीमारांनी. त्यांना समुद्र ठाऊक, पण या गावांतल्या गल्ल्या नव्हेत. बुडालेल्या भिंती आणि विजेच्या तारा चुकवत नेण्यासाठी होडीत गावातला माणूस लागे. मोबाइलवरची खूण घराच्या जवळपास नेई, पुढची वाट तो दाखवी. पुरानंतर केरळ सरकारने ‘मॅपॅथॉन केरलम्’ ही मोहीम आखून लोकांनाच ओपनस्ट्रीटमॅपवर आपापला परिसर नोंदवण्याचे आवाहन केले. एखाद्या राज्याने स्वयंसेवी नकाशाला असे आपलेसे करणे आपल्याकडे दुर्मीळच.

मर्यादा कोणत्या?

उपग्रह वरून पाहतो. त्याला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सला हैयान चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा कोणते घर किती पडले हेही छायाचित्रांवरून ठरवण्याचा प्रयत्न झाला. नंतर रेड क्रॉसच्या सहभागाने जागेवर जाऊन पडताळणी केली, तेव्हा हे अंदाज मोठ्या प्रमाणात चुकल्याचे आढळले. घर कुठे आहे हे स्वयंसेवक बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. त्यात राहता येईल का, हे नाही.

दुसरी मर्यादा परावलंबनाची. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपानंतर तुर्कस्तानातल्या संगणक अभियंत्यांनी ट्विटरवरच्या मदतीच्या हाकांतून पत्ते वेचून नकाशे बनवले. ढिगाऱ्याखालची माणसेही ट्वीट करत होती. दोनच दिवसांनी देशात ट्विटरवर निर्बंध आले आणि ते उठेपर्यंत अर्धा दिवस गेला. माहितीचा झरा सरकारच्या किंवा कंपनीच्या हातात असेल तर तो नेमका नको तेव्हा आटू शकतो. खासगीपणाचा प्रश्न वेगळाच. एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा फोन आणि पत्ता संकटाच्या दिवशी उघड करणे समजू शकते, पण पाणी ओसरल्यावर ती यादी पुसायची कुणी?

अलीकडे मायक्रोसॉफ्ट आणि गुगल यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने कोट्यवधी घरांचे आराखडे छायाचित्रांवरून काढून खुले केले आहेत. त्यामुळे छपरे रेखाटण्याचे श्रम कमी होतील. त्या छपरांखालच्या वस्तीचे नाव मात्र यंत्राला ठाऊक नसते.

महाराष्ट्रात काय स्थिती?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. १५१ जण दगावले. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकामुळे. त्याला गाव जागेवर दिसले नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. चिखलातून डोंगर चढून पथके पोहोचली, यंत्रे नेता आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोधकार्य थांबवावे लागले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले.

नकाशावर वाडी असती तर दरड टळली नसती, हे उघड आहे. दरडीचा धोका भूगर्भशास्त्रज्ञांनीच सांगायचा. पण याद्या, पंचनामे, इशारे महसुली गावाच्या नावाने निघतात आणि सह्याद्रीत माणसे वाड्या-पाड्यांवर विखुरलेली असतात. धनगरवाडी, ठाकूरवाडी ही नावे एकेका तालुक्यात कितीदा येतात! डिसेंबर २०२०मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. पण कागदावर नवे नाव, जुन्या नकाशावर जुने आणि तोंडी तिसरेच, अशा अवस्थेत मध्यरात्री नियंत्रण कक्षाला आलेला फोन कोणत्या डोंगराकडे बोट दाखवतो?

ही माहिती लोकांकडे आहे. इर्शाळवाडीत मदतीला धावलेल्यांत परिसरातले गिर्यारोहक होते. इर्शाळगडाची वाट त्यांच्या पायाखालची. आशा सेविका, तलाठी, एसटीचे कर्मचारी, ट्रेकर्स यांच्या डोक्यात जो नकाशा आहे, तो एकत्र करून जिल्हा नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर आणणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांचे ड्रोनने नकाशे होत आहेत, पण त्यांचा हेतू मिळकतपत्रिका देणे हा आहे.

कायद्याची आडकाठी आहे का?

पूर्वी होती, निदान भीती तरी होती. २०१६च्या एका विधेयकाच्या मसुद्यात परवानगीविना नकाशाची माहिती गोळा करण्यासाठी तुरुंगवास आणि १०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. ते बारगळले. १५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी चित्र पालटले. भारतीय नागरिक आणि संस्थांना नकाशे बनवण्यासाठी आता पूर्वपरवानगी लागत नाही. संवेदनशील ठिकाणांबाबत निर्बंध आहेत. एक अडचण उरते. ओपनस्ट्रीटमॅपवर देशाच्या सीमा भारताच्या अधिकृत नकाशाप्रमाणे दिसत नाहीत, त्यामुळे सरकारी कार्यालये तो जसाच्या तसा वापरू शकत नाहीत. मात्र वाड्या आणि वाटांची माहिती तेवढी वेगळी घेऊन सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमांवर बसवता येते.

सहभागी कसे होता येते?

ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या ‘टास्किंग मॅनेजर’ या संकेतस्थळावर सुरू असलेल्या मोहिमांची यादी असते. रेखाटनासाठी संगणक बरा पडतो. अँड्रॉइड फोनवर ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अ‍ॅप आहे. आपण उभे असू तिथले छोटे प्रश्न ते विचारते, जसे की हा रस्ता डांबरी आहे की कच्चा, या इमारतीला मजले किती. वाडीचे नाव नोंदवायचे तर ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर खाते उघडून ते मराठीतही लिहिता येते. गुगल मॅपवरून नावे किंवा वाटा उतरवून घेण्यास मात्र तिथे सक्त मनाई आहे; नोंद स्वतः पाहिलेली, निदान तिथल्या माणसाला विचारलेली असावी लागते.